कमळाकरच्या नावाचा पाट

मी एक जुना फणसाचा पाट आहे. मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. गणपतीच्या आधी महिना-दोन महिने तो मूर्तीच्या कारखान्यात पोचवतात आणि मूर्ती त्याच्यावर बसूनच घरी येते. अदलाबदल होऊ नये म्हणून आमच्या पोटावर, म्हणजे खालच्या बाजूला, घरधन्याचं नाव आणि गाव लिहितात. माझ्या पोटावर लाल रंगात आहे : 'कमळाकर, गडब'.

माझा प्रवास ठरलेला. गडबहून पेणचा कारखाना, पेणहून घर, घरून नदी. विसर्जनानंतर मी परत येतो, पण रिकामा नाही. मूठभर वाळू माझ्यावर ठेवून आणतात आणि घरात सगळीकडे टाकतात. मूर्ती जाते, पाट परत येतो. याचा मला मोठा अभिमान होता.

कमळाकर मस्कतला वेल्डर होता. वर्षातली रजा तो गणपतीलाच घ्यायचा. निघताना माझ्यावरची चिमूटभर वाळू कागदात बांधून पुडीवर वर्ष लिहायचा.

"तिकडं वाळूला तोटा हाय काय?" त्याची बायको विमलबाई हसायची.

"ती परक्याची. ही आपली हाय."

अशी नऊ वर्षं गेली. मग त्याची कंपनी बदलली आणि तीन वर्षं रजा मिळाली नाही. मला त्याचा भाऊ उचलून आणायचा. दर वेळी फोनवर एकच वाक्य यायचं, "पुढच्या गणपतीला नक्की."

गेल्या वर्षी त्याने तिकीट काढलं. "पाट कारखान्यात देऊन ठेव," तो विमलबाईला म्हणाला. "आणायला मीच जाणार. दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नको."

मूर्ती झाली. डोळ्यांची आखणी झाली. शेजारचे पाट एकेक करून गेले. चतुर्थीच्या दोन दिवस आधी कारखान्याचे मालक दाजी फोन कानाला लावून माझ्यासमोर उभे राहिले, आणि उभेच राहिले. कमळाकर तिकडच्या कामगारांच्या कॅम्पातल्या खाटेवर झोपेतच गेला होता.

घराला सुतक आलं. त्या वर्षी गणपती आणायचा नव्हता. कागदपत्रं लांबली आणि त्याला अग्नीही तिकडेच दिला. घरी आली ती फक्त बॅग.

दाजींनी मूर्तीवर चादर टाकली. वर्षभर मी तिला पाठीवर घेऊन फळीवर बसून होतो. मधल्या काळात शेकडो नव्या मूर्ती खोक्यांत बसून परदेशी गेल्या. त्यांच्यातली एकही परत येणार नव्हती. दारात चपला वाजल्या की चादरीखालचे डोळे तिकडे वळले असं मला वाटायचं. दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नव्हता, म्हणून मी त्याच एका हाताची वाट पाहत होतो.

यंदा त्याची मुलगी सुरभी आली. दाजींनी मूर्ती अलगद बाजूला ठेवून माझ्या पोटावरचं पुसट नाव पाहिलं.

"आता तुझं नाव घालू काय गो?"

"नको. बाबांचंच गिरवा."

विसर्जनाला तिनेच मला डोक्यावर घेतलं. वाटेत शेजारची धोंडुबाई आडवी आली. "गणपती बायकांच्या डोक्यावर? गावातले बाप्ये मेले काय गो?"

"सगळे नाय, काकी. एकच."

धोंडुबाईने खांद्यावरचा टॉवेल काढला. त्याची चुंबळ करून माझ्याखाली सरकवली आणि नदीपर्यंत बरोबर चालली.

मूर्ती पाण्यात गेली. सुरभीने पिशवीतून पुड्या काढल्या. बॅगेत सापडलेल्या. एकेक सोडून तिने नऊ वर्षांची वाळू माझ्यावर ओतली. दहाव्या पुडीवर गेल्या वर्षाचा आकडा होता. आत काहीच नव्हतं. यायच्या आधीच त्याने ती तयार करून ठेवली होती.

सुरभीने तो कागद उलगडून तळहातावर धरला. मग ती वाकली, नदीतली चिमूटभर वाळू त्यात घातली आणि घडी घातली.

आता मी घरी भिंतीला टेकून उभा आहे. ती पुडी माझ्याशेजारी कोनाड्यात असते. संध्याकाळी दार वाजलं की मी अजून कान देतो.

मित्रांनो, पाट कारखान्यात न्याल तेव्हा तो एकदा उलटा करा. खालचं नाव पुसट झालं असेल तर गिरवा. आणि त्या नावाचा माणूस लांब असेल, तर त्याला पुढच्या गणपतीला नाही, यंदाच बोलवा.