तू आधी

त्या तुरुंगात नातं जोडायचं तर दाढीच्या पात्यावर जोडायचं, अशी रीत होती. दर सोमवारी शिपाई दोघांत मिळून एक रेझर द्यायचा, प्लॅस्टिकच्या दांडीचा, आणि आठवडाभर तो दोघांनी पुरवायचा. ज्याच्याबरोबर तुमचा रेझर, तो तुमचा पातेभाऊ. पातेभावाचं ऐकायचं, त्याच्या आजारपणात त्याचे कपडे धुवायचे, त्याच्या वाट्याचं भांडण आपण भांडायचं. सख्ख्या भावापेक्षा हे नातं जास्त टिकायचं, कारण सख्खा भाऊ मुलाखतीला आला की सारखा घड्याळाकडे बघत बसतो.

टेलरचा पातेभाऊ होता आचारी. टेलर म्हणजे शिवण विभागात कैद्यांच्या पँटी शिवणारा. बाहेरही तेच करायचा, फक्त बाहेर गिऱ्हाईकाला माप घेताना हसावं लागायचं. एकदा दारू पिऊन गाडी चालवली, रस्त्यावरचा एक माणूस गेला, आणि टेलर आत आला. त्यानंतर त्याने बायकोपुढे शपथ घेतली होती की मरेपर्यंत कुठल्याही नशेला शिवणार नाही. ती त्याने पाळलीही. जेलमध्ये शपथ मोडायच्या सोयी घरच्यापेक्षा जास्त असतात, हे ज्याने आत दिवस काढलेत त्याला सांगायला नको.

आचारी मोठ्या स्वयंपाकघराचा मुकादम. पोट सुटलेला, बोलायला गोड, डाव फिरवता फिरवता सगळ्यांची खबर ठेवणारा. स्वयंपाकघरात काम करणाऱ्याला शिक्षेतून माफी सगळ्यांत जास्त मिळते, म्हणून ती जागा म्हणजे सोन्याची अंडी देणारी कोंबडी. आचारी तिला जिवापाड जपायचा.

नवं पातं पहिल्यांदा कोणी वापरायचं याचाही नियम होता. एक आठवडा हा, एक आठवडा तो. नव्या पात्याची पहिली दाढी म्हणजे चैन, नंतर नुसती ओरबाडणी. आणि एके सोमवारी, आचाऱ्याची पाळी असताना, आचाऱ्याने रेझर टेलरपुढे धरला.

"तू आधी."

"अरे, तुझी पाळी आहे."

"घे रे. माझं थोबाड कोण बघतंय? कढई?"

पुढच्या वेळीही तेच. त्याच्याही पुढच्या वेळी. पाळीबिळी राहिलीच नाही. रोज सकाळी आचारी म्हणायचा, "तू आधी," आणि टेलर आधी दाढी करायचा. टेलरला गहिवरून आलं होतं. त्याने मुलाखतीत बायकोला कौतुकाने सांगितलं, "जगात माणुसकी उरलीय बरं का. स्वतःचं नवं पातं मला देणारा माणूस आहे इथे." बायको म्हणाली, "त्यांना माझा नमस्कार सांगा."

त्यानंतर थोड्याच दिवसांत टेलरच्या पोरीची किडनी गेली. दोन्ही. पोरगी कॉलेजात जायच्या वयाची, आणि एक दिवसाआड यंत्राला जोडून पडायची. बायकोला साखरेचा आजार, तिची किडनी चालेना. टेलरची तपासली तर जुळली. रक्त स्वच्छ, तब्येत ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, बापाचीच हवी. फक्त बाप तुरुंगात होता, आणि तुरुंगातल्या बापाची किडनी बाहेर न्यायची तर कोर्टापासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या सह्या लागतात. टेलरने त्या सह्यांची वाट बघत महिने काढले. शिवणयंत्रावर बसून तो मनात एकच हिशोब करायचा: एका माणसाचा जीव आपल्या हातून गेला, एक वाचवून बाहेर पडू. आचारी त्याच्या शेजारी बसून रडायचा. खरं रडायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. "पोर वाचली पाहिजे रे," म्हणायचा. आणि सकाळी म्हणायचा, "तू आधी."

परवानगी आली. ऑपरेशनआधी रक्त पुन्हा तपासलं. आणि जेलच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी टेलरला बोलावून दार लावून घेतलं.

"तुम्हाला हेपॅटायटिस सी झालाय," बाई म्हणाल्या. "रक्तातून पसरणारी कावीळ."

टेलरने भिंतीवरच्या आरशात स्वतःचे डोळे ताणून बघितले. "पण डोळे तर पांढरेफटक आहेत, बाई."

"हिला डोळे पिवळे करायची घाई नसते. यकृत आतून पोखरत बसते. घाबरू नका, गोळ्या आहेत, काही महिन्यांत बहुतेक लोक पूर्ण बरे होतात. पण तोवर किडनी देता येणार नाही."

"आणि पोरगी?"

बाईंनी समोरचे कागद नीट लावले. तेवढ्यात टेलरला उत्तर कळलं.

बाईंनी विचारलं, सुई घेतलीत? गोंदवून घेतलंत? टेलर नाही म्हणून मान हलवत राहिला. "दुसऱ्या कुणाचा रेझर?"

"दुसऱ्याचा नाही. आमच्या दोघांचा."

बाईंनी टेबलावर पेन ठेवलं. "पहिल्या तपासणीत तुम्ही साफ होतात. म्हणजे त्यानंतरच कधीतरी झालंय. तुमच्या जोडीदाराचं मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. आम्ही स्वयंपाकघरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं होतं, एवढं मात्र अख्ख्या जेलला माहीत आहे."

टेलरलाही माहीत होतं. ती तपासणी झाली त्याच्या पुढच्याच सोमवारी आचाऱ्याने पहिल्यांदा रेझर पुढे केला होता. एखाद्याने पाठीत सुरा खुपसावा हे समजू शकतं, पण सुरा खुपसण्याआधी तो रोज "तू आधी" म्हणून अदबीने पुढे करावा, याला काय म्हणायचं?

टेलर तडक स्वयंपाकघरात गेला. आचारी बटाटे सोलणाऱ्यांवर ओरडत होता. टेलरचा चेहरा बघून त्याने सगळ्यांना बाहेर पिटाळलं.

"तुला ठाऊक होतं," टेलर म्हणाला.

आचाऱ्याने खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. तो पिंपावर मटकन बसला. "म्हणून तर तुला आधी करू द्यायचो ना. तुझ्यासाठीच."

"सोमवारी मी आधी. आणि मंगळवारी? मंगळवारी तेच पातं, तुझ्या गालावरून आलेलं!"

"मी धुवायचो रे. चांगलं गरम पाण्याने."

"रक्त होतं ते, भाजी नव्हे धुवायला! पोरीसाठी माझ्याबरोबर रडत होतास, तेव्हा तरी तोंड उघडायचंस. एक शब्द बोलला असतास, तर मी दाढी ठेवली असती. बोकडासारखी ठेवली असती!"

"इथून काढलं असतं मला," आचारी हळूच म्हणाला. "आजारी माणसाला कोण अन्नाला हात लावू देतो? माफी गेली असती. माझी म्हातारी वाट बघतेय."

"अन्नातून पसरत नाही ती. बाईंनीच सांगितलं मला. गोळ्या घेतल्या असत्यास तर आतापर्यंत बरा झाला असतास. तूही वाचला असतास आणि आम्हीही."

आचाऱ्याचं तोंड उघडं राहिलं. हे त्याला खरंच माहीत नव्हतं. तपासणीचा निकाल हातात पडल्यावर भीतीपोटी तो दवाखान्याकडे पुन्हा फिरकलाच नव्हता, कुणाला कधी विचारलंही नव्हतं. टेलरला त्याची कीव येईल असं वाटलं, पण आली नाही.

संध्याकाळी टेलरची फोनची पाळी होती. दवाखान्याने बायकोला आधीच कळवलं होतं.

"सुई घेतलीत?" बायकोने विचारलं. आवाज थंडगार होता.

"शपथ पाळलीय मी. दाढी केली गं, फक्त दाढी. पातं एकच होतं."

"अहो, इतकी वर्षं लोक दाढ्या करताहेत. मला मूर्ख समजता?" मग तिचा आवाज फाटला. "पोरीला काय सांगू? तुझ्या बापाला तुझ्यापेक्षा नशा प्यारी होती म्हणून?"

टेलरने खूप सांगून पाहिलं. खरं बोलणाऱ्या माणसाकडे एकच वाक्य असतं, ते चारदा म्हटलं की खोटं वाटायला लागतं. शेवटी तो म्हणाला, "थांब. उद्या आचारी स्वतः तुला सांगेल. त्याच्यावर तरी विश्वास ठेवशील ना?"

"त्यांच्यावर ठेवीन," ती म्हणाली.

आचाऱ्याने वचन दिलं. टेलरचे पाय धरून दिलं. "वहिनींना मी सगळं सांगतो. एवढं तरी करूच दे मला." फोन जिथे लावला होता त्या भिंतीजवळ शिपाई स्टुलावर बसलेला असायचा, आणि त्याचे कान जेलरसाहेबांच्या मालकीचे होते. दुसऱ्या दिवशी आचारी फोनपाशी गेला. त्याने शिपायाकडे बघितलं. मग रिसीव्हर कानाला लावला. टेलर इतका जवळ उभा होता की बायकोचा "हॅलो, भाऊजी?" त्याला ऐकू आला.

आचाऱ्याने घसा खाकरला. एकदा, दोनदा.

"वहिनी," तो म्हणाला, "टेलर सोन्यासारखा माणूस आहे. माणसाच्या हातून चूक होते. झालं गेलं विसरा, आणि त्याला पदरात घ्या."

एवढं बोलून त्याने रिसीव्हर टेलरच्या हातात दिला आणि तो स्वयंपाकघराकडे निघून गेला. टेलरने फोन कानाला लावला. पलीकडे कोणी नव्हतं. बायकोने ठेवून दिला होता. त्या भल्या माणसाने नवऱ्याची चूक कबूल केली होती, आणि तीही किती मोठ्या मनाने!

टेलर गोळ्या घ्यायला लागला. पोरगी यंत्रावर होती. ती तोवर तग धरेल की नाही, हे बाई सांगू शकत नव्हत्या. पोरीने फोनवर यायचं बंद केलं होतं.

सोमवार आला. शिपायाने नवा रेझर दोघांच्या मधल्या कट्ट्यावर ठेवला आणि पुढे गेला. टेलर आपल्या बिछान्यावर बसून होता. गालावर खुंट वाढले होते. आचारी आला, खाली मान घालून.

मग त्याने रेझर उचलला, नळापाशी गेला, आणि कुणाला काही न विचारता, शांतपणे, आपली दाढी आधी करून घेतली.