गोळीपाशी थांबणारं भाषण

"गोळी इथे लागली." रत्नाकर गर्ग्यांनी आरशासमोर छातीच्या उजव्या बाजूला बोट टेकवलं. "खिशात भाषणाच्या कागदांची जाड घडी, चष्म्याची डबी. त्यांना भोक पाडून गोळी आत शिरली. आणि हा गडी काय म्हणाला असेल?"

"आधी भाषण, मग दवाखाना," विद्या इस्त्रीवरची नजर न काढता म्हणाली.

"तू नको सांगूस. लोकांना सांगू दे."

भाषण थिओडोर रूझवेल्टवरचं होतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा अमेरिकेचा अध्यक्ष. लहानपणी दम्याने बेजार असलेलं पोरगं, ज्याने व्यायामाने शरीर कमावलं, मुष्टियुद्ध केलं, बायको आणि आई एकाच दिवशी गेल्या तर रडत न बसता गुरांमागे घोडा पिटाळला, आणि पुढे जंगलं राखली, पनामाचा कालवा काढायला घेतला. सौदीतल्या राबिघच्या रिफायनरीत इन्स्पेक्शन इंजिनिअर असलेल्या गर्ग्यांनी त्याला असा काही दत्तक घेतला होता की कंपनीच्या राहत्या कंपाउंडमधली मराठी मंडळी त्यांना पुढ्यात 'सर' आणि पाठीमागे 'टेडी' म्हणत. आदर दोन्हीकडे सारखाच वाटून दिलेला होता.

गर्गे पहाटे समुद्रकाठी चालत. चालत म्हणजे धावणाऱ्यांना मागे टाकत. उन्हाळ्यात नळाला चहा करण्याजोगं पाणी येणाऱ्या या गावात ते गार पाण्याने अंघोळ करत, त्यासाठी गीझर बंद ठेवून त्यातच पाणी निववत. कुणाला सर्दी झाली की ते सूर्यनमस्कार सांगत. कुणाची नोकरी गेली तरी सूर्यनमस्कारच सांगत. औषध एकच असल्यामुळे निदान चुकायची भीती नव्हती.

"आज पुढचंही सांगा," विद्या शर्ट पुढे करत म्हणाली.

"पुढचं काय?"

"गोळी लागल्यावर तो काही लगेच मेला नाही. चांगला जगला पुढे. चारही मुलगे महायुद्धावर गेले, हा अभिमानाने सांगत फिरला. मग धाकट्याचं विमान पाडलं शत्रूने. त्यानंतर वर्षभरही नाही जगला. तुमच्याच पुस्तकात आहे. शेवटी."

गर्ग्यांनी बटणं लावली. वरपासून खालपर्यंत, घाई न करता.

"लोकांना जेवायचं असतं, विद्या. भाषण उंचीवर असताना सोडावं."

"मग त्याचं नाही, आपल्याचं नाव तरी घ्या. एकदा. त्याच हॉलमध्ये टेबल टेनिस खेळायचा तो."

गर्ग्यांनी घड्याळ बांधलं. "उशीर होतोय," ते म्हणाले.

मुलाचं सगळं आटपून नाशिकहून परत आल्यापासून त्यांनी जयदीपचं नाव घेतलं नव्हतं. 'ती गोष्ट' म्हणत. 'त्या गोष्टीनंतर एसी बिघडला.' 'त्या गोष्टीच्या आधी घेतलेली गाडी.'

जयदीपलाही दमा होता. बापाने त्याच्यावर रूझवेल्ट लहानपणापासून लावला होता. इंजिनिअर झाला, नाशिकमध्ये मनाजोगं काही मिळेना, तेव्हा गर्ग्यांनी शब्द टाकून त्याला सौदीच्याच दुसऱ्या टोकाला, अल खफजीत, एका कंत्राटदाराकडे चिकटवला. व्हिसाच्या मेडिकलच्या आदल्या दिवशी फोनवर सांगितलं, "दमा आहे म्हणू नकोस. लहानपणी होता म्हण. नाही, तेही नको. काही नाही म्हण." मुलाने बापाचं ऐकलं. ऐकण्यात तो लहानपणापासून चोख होता.

काही नाही म्हटलेल्या माणसाला कंपनी टाक्या घासायच्या कामावर देखरेखीला उभा करते. तिथे वाळूच्या फवाऱ्याने गंज उडवतात. जयदीप दम्याचा पंप मोज्यात खोचून ठेवायचा, कुणाला दिसू नये म्हणून. ऑगस्टमधल्या एका दुपारी धुळीचा लोट उठला, त्याला धाप लागली, आणि पंप ओढायला तो कंटेनरांच्या पार मागे गेला, कुणाला दिसू नये म्हणून. दिसला नाहीच. साइटचं क्लिनिक हाकेच्या अंतरावर होतं. पण हाक मारायला दम लागतो, आणि दम असता तर हाक मारायचं कारण नव्हतं.

राबिघच्या मराठी मंडळाने रीतीप्रमाणे सगळं केलं. आधी डबे आले, मग फोन, मग नुसते मेसेज, आणि सहा महिने होत आल्यावर मंडळाचा सेक्रेटरी उदय घरी येऊन म्हणाला, "सर, आता बाहेर पडा. फेब्रुवारीच्या कार्यक्रमाला तुमचा टेडीच होऊ दे. तुम्हालाही बरं वाटेल." दम्मामहून येणारा गायक फिरकणार नव्हता, हे तो बोलला नाही. दुःखाला वाट आणि कार्यक्रमाला वक्ता, दोन्ही एका फेरीत उरकत होतं.

हॉल भरला होता. लोक जरा जास्तच आले होते. माणूस कोसळला तर आपण तिथे असावं, आणि नाही कोसळला तर निदान जेवण चुकू नये, असा सरळ विचार होता.

गर्गे कोसळले नाहीत. दम्याचं पोरगं आलं, बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार आला आणि त्यावरून निघालेलं टेडी बेअर आलं. बायका नेहमीच्या जागी हसल्या. "व्यायामाने त्याने दम्याला घराबाहेर काढलं!" या वाक्याला गर्ग्यांनी नेहमीसारखी मूठ आपटली. मागच्या रांगेत विद्या ओठ न हलवता, मनातल्या मनात, भाषणाच्या एक वाक्य पुढे चालत होती. मूठ आपटली तेव्हा तिने पर्सचा पट्टा बोटांना गुंडाळला.

"सर अगदी पहिल्यासारखे झाले हो, विद्याताई," शेजारून किशोरी कुजबुजली. किशोरी म्हणजे उदयची बायको. ही बातमी दारापर्यंत पोचवणं आता तिच्याकडे होतं.

"हो ना," विद्या म्हणाली.

गोळी लागली. लोकांनी ओरडून सांगितलं, "आधी भाषण, मग दवाखाना!" टाळ्या झाल्या. गर्ग्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, विद्याकडे पाहिलं, तोंड उघडलं. विद्या खुर्चीत पुढे सरकली. गर्गे पाणी प्यायले आणि म्हणाले, "धन्यवाद."

"कुणाला काही विचारायचंय?" उदय म्हणाला. त्याच्या हातात जेवणाच्या प्लेटा होत्याच.

एक हात वर झाला. ध्रुव नावाचा मुलगा होता, पुण्याहून नुकताच आलेला, कंपाउंडमधल्या कुणाचंच काही ठाऊक नसलेला.

"सर, दमा पूर्ण गेला का त्याचा? म्हणजे मी कुठेतरी वाचलं की मोठेपणीही यायचा अधूनमधून."

हॉलमधला एसी एकदम ऐकू यायला लागला. उदय म्हणाला, "चला चला, यल्ला, पुऱ्या गार होतायत."

"यायचा," गर्गे म्हणाले.

इतक्या वर्षांच्या भाषणात हा शब्द पहिल्यांदा आला होता, आणि तो ऐकायला निम्मी माणसं प्लेटांकडे वळलेली होती.

जेवणाच्या रांगेत ध्रुव त्यांच्या जवळ सरकला. विद्या नवऱ्याच्या मागेच उभी होती. "मलापण आहे सर, म्हणून विचारलं," तो हळू आवाजात, हसून म्हणाला. "मेडिकलला बोललो नाही. एजंट म्हणाला, बोलूच नकोस."

"सांगून टाक कंपनीत," विद्या मध्येच म्हणाली. आवाज इतका मोठा झाला की पुढच्या दोघांनी वळून पाहिलं. "उद्याच सांग."

"काकू, इकामा व्हायचाय अजून, राहायचा परवानाच नाही हातात. आत्ता सांगितलं तर खलास. सरळ घरी पाठवतील."

"पाठवू देत! घरी जाशील ना?"

ध्रुव गोंधळला. घरी जाणं ही धमकी असते, एवढं त्याला शिकवलेलं होतं. कुणी ती आशीर्वादासारखी देईल याची त्याला सवय नव्हती. त्याने गर्ग्यांकडे पाहिलं. विद्यानेही पाहिलं. आता तरी, तिला वाटलं. नाव नका घेऊ, भाषण नका करू. या पोराला एवढं सांगा की मीही असाच एकाला गप्प बसवला होता.

गर्ग्यांनी ध्रुवच्या खांद्यावर हात ठेवला. तो बराच वेळ तिथे राहिला.

"पहाटे येत जा चालायला," ते म्हणाले.

घरी आल्यावर विद्याने इस्त्रीचं टेबल मिटलं, रूझवेल्टचं पुस्तक कपाटाच्या अगदी वर, हात पोचणार नाही अशा जागी ढकललं आणि दिवा घालवला. यापुढे काही मागायचं उरलं नाही, हे तिला फार स्वच्छ कळलं होतं. माणूस बदलेल म्हणून वाट बघण्याचंही एक काम असतं; ते संपल्यावर हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून ती सकाळी लवकरच धुणं घेऊन गच्चीवर गेली.

गच्चीवरून कंपाउंडच्या भिंतीपलीकडचा समुद्रकाठ दिसतो. ईदच्या सुट्टीत जयदीप आला की बाप त्याला तिथे पळवायचा. तिसऱ्या बाकापाशी त्याला धाप लागायची. गर्गे कधी थांबले नाहीत. पुढून, वळूनही न पाहता, ओरडायचे, "यल्ला, जयदीप!" ते इथवर ऐकू यायचं.

आज पुढे गर्गे होते, मागे ध्रुव. हवेत पहाटेची बारीक धूळ होती. दुसऱ्या बाकापाशी ध्रुव मागे पडला. तिसऱ्यापाशी वाकला, गुडघ्यांवर हात टेकले. विद्या ओला टॉवेल हातात धरून ओरडण्याची वाट बघत राहिली.

गर्गे ओरडले नाहीत. थांबले. पाच-सहा पावलं परत आले. ध्रुव बाकावर बसला, खिसे चाचपायला लागला. तेवढ्यात मागून साइटवर जाणाऱ्या माणसांची बस संथपणे येत होती, खिडक्यांना चेहरे लागलेले.

गर्गे ध्रुव आणि रस्ता यांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. रस्त्याकडे तोंड, पाय फाकवलेले, हात कमरेवर, छाती पुढे. बसमधल्यांना वाटलं असेल, म्हातारा व्यायाम करतोय. त्यांच्या पाठीमागे पोराने पंप तोंडाला लावला.

बस निघून गेली. गर्गे तसेच उभे राहिले, कुणाला दिसू नये म्हणून.