ओमुरकुलचा टेकू

नुरदिनने बिश्केकहून आणलेली, बंदूक टेकवायची धातूची तिपाई सागिनबायच्या अंगणात तिसऱ्यांदा उभी राहिली आणि तिसऱ्यांदा तिचा एक पाय खटकन खाली घसरला. कुत्रा कंटाळून पलीकडे जाऊन बसला. नाल मारायला बांधलेल्या घोडीने मान वळवून असं पाहिलं की नुरदिनलाही जरा लाजल्यासारखं झालं.

"थंडीमुळे स्क्रू आवळत नाहीये," तो म्हणाला. "दाजी, जरा फुंकर मारा बघू."

"म्हणजे रानबोकड समोर आला की आधी फुंकर मारायची. मग त्याला म्हणायचं, थांब बाबा, चहा घेणार का?"

"अहो, आता शहरातले सगळे शिकारी हीच वापरतात."

"शहरात रानबोकड आहेत का?"

नुरदिन हा सागिनबायच्या बायकोचा, जिबेकचा धाकटा भाऊ. शहरात फोन विकायचा आणि नवी निघालेली कुठलीही वस्तू जुनीपेक्षा चांगलीच असते, असं मनापासून मानायचा. माणूस सोन्यासारखा. दाजींच्या हाताला कंप सुटलाय हे बहिणीकडून कळल्यावर पदरमोड करून तिपाई घेऊन चारशे किलोमीटर आला होता. त्यामुळे सागिनबायने तिपाई पुसून पुन्हा पिशवीत नीट घातली आणि चांगली आहे म्हणाला. वाईट बोलवेना.

पण डोंगरावर तिचा उपयोग नव्हता, हे त्याला पहिल्या खटक्यालाच कळलं होतं. रानबोकडाला दगडावर नख वाजलेलं अर्ध्या खोऱ्यातून ऐकू जातं.

नोव्हेंबर संपायला आठ दिवस राहिले होते. गावाच्या शिकारमंडळाने या वर्षी सागिनबायला एका रानबोकडाचा परवाना दिला होता, तोही महिनाअखेरपर्यंतचा. खरं तर त्याने तो परत केला असता. पण आत भिंतीला टेकून त्याची आई बुर्माकान बसली होती. उन्हाळ्यापासून तिचं अन्न तुटत चाललं होतं. मेंढीचं मांस समोर आलं की तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाले, वय झालं. आणि एक दिवस तीच म्हणाली, "रानबोकडाचा सोरपो मिळाला तर घेईन वाटीभर."

शंभर वनस्पती खाऊन वाढलेलं जनावर; त्याच्या मांसाचा रस्सा म्हणजे औषधच, हे आतबाशीच्या खोऱ्यात कुणाला सांगावं लागत नाही. सागिनबायला आनंद झाला. मग आईने पुढचं वाक्य टाकलं.

"तुझ्या बापाच्या टेकूवर मार हं. त्या टेकूवरून एकही जनावर जखमी होऊन गेलं नाही."

तिथेच सगळं अडलं होतं.

कारण मागच्या वर्षी गेलं होतं. बापाच्या मरणानंतरची ती पहिलीच शिकार. सागिनबायने दाराआडचा टेकू घेतला. दोन काठ्या, इर्गायच्या झुडपाच्या, लोखंडासारख्या जड आणि लालसर, वरच्या टोकापाशी चामड्याच्या वादीने एकत्र बांधलेल्या. उघडल्या की वर चिमटा तयार होई आणि त्यात बंदूक ठेवायची. त्याचा बाप ओमुरकुल बर्फावर मांडी घालून बसायचा, टेकू रोवायचा, आणि त्याची गोळी कधी वाया गेल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. सागिनबायला मांडी घालता येत नव्हती. उलाक खेळताना, घोड्यावरून बोकडाचं धूड ओढाओढी करताना, त्याचा डावा गुडघा असा मोडला होता की तो पुन्हा वाकलाच नाही. म्हणून तो त्या टेकूपुढे कमरेत वाकून उभा राहिला. हात थरथरला. गोळी मागच्या मांडीत लागली. जनावर घसरड्या दगडांवरून पलीकडे गेलं. दोन दिवस तो शोधत होता. तिसऱ्या दिवशी दरीपलीकडे गिधाडं उतरताना दिसली.

त्या दिवसापासून तो सांगत सुटला की माझा हात गेला. लोकांनी मान डोलावली. कुणी टोमणा मारला नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बापाचा टेकू घेऊन सेयिलकान-एजेकडे गेला. एजे म्हणजे थोरली बहीण. या बाईला सत्तरी उलटल्यावरही सारा गाव थोरली बहीणच म्हणायचा. चाबकाच्या मुठी करण्यात तिचा हात धरणारं त्या खोऱ्यात कुणी नव्हतं. नवरा हयात असताना ती त्याच्याबरोबर आणि ओमुरकुलबरोबर डोंगरावर जायची, टेकू वाहायची. स्वतः कधी बंदूक धरली नाही. पण वीस वर्षं नेम धरणाऱ्यांच्या मागे उभी राहून तिने जे पाहिलं होतं, ते नेम धरणाऱ्यांनाही दिसलं नसेल.

"वादी सैल झालीय एजे," सागिनबाय म्हणाला. "नवी बांधून द्या. निदान हात थरथरेल तेव्हा टेकू तरी हलायला नको."

ती कोकरांच्या दावणीची लांब दोरी मांडीवर घेऊन बसली होती. चष्म्यावरून तिने त्याच्याकडे पाहिलं.

"कुणाचा हात थरथरतो?"

"माझा. सगळ्या गावाला माहीत आहे."

"गावाला काय, गावाला सांगितलं ते माहीत. परवा माझ्या घोडीला नाल कुणी मारले?"

"मीच."

"अठ्ठावीस खिळे मारलेस. मी मोजत होते, मला दुसरं काम काय. एक वाकडा गेला नाही. थरथरता हात नेमका माझ्या घोडीपुरता बरा झाला होता वाटतं."

हे सागिनबायच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. नाल तो उभ्याने मारायचा, घोड्याचा पाय खांबाला बांधून.

"धर तो टेकू," एजे म्हणाली. "जसा डोंगरावर धरतोस तसा."

बंदूक नव्हती, म्हणून त्याने चिमट्यात तिचं फावडं ठेवलं आणि वाकला. एजे त्याच्याभोवती एक चक्कर मारून आली, विकत घ्यायच्या घोड्याभोवती मारतात तशी.

"पाठ बघ तुझी. मांडीत कळ येतेय?"

"येतेय."

"असं वाकून मी चहाचा पेला धरला तरी सांडेल. हा टेकू बसणाऱ्या म्हाताऱ्याचा आहे. तू उभा राहणारा माणूस. आणि खापर फोडलंस हातावर."

"पण हा बापाचा आहे, एजे. आई म्हणते याच्यावरूनच मार. मी याला हात कसा लावू? त्याने जन्मभर बदलला नाही."

यावर ती हसली. मग तिने मांडीवरची दोरी त्याच्यापुढे पसरली. कोकरांच्या मानेच्या फासांत अडकवायला दावणीला लाकडाच्या खुंट्या असतात. तिच्या दावणीच्या खुंट्या लालसर होत्या, दोन-दोन बोटं लांब, कोकरांच्या लोकरीने घासून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या.

"मोज," ती म्हणाली.

"बावीस."

"लाकूड ओळख."

त्याने एक खुंटी उचलली. हातावर तिचं वजन पडलं आणि त्याने टेकूच्या काठीकडे पाहिलं. तोच रंग. त्याच बारीक रेषा.

"तुझ्या बापाने माझ्याकडून टेकू करून घेतला तेव्हा तो तुझ्याएवढाच उंच होता आणि उभ्यानेच मारायचा. मग कंबर धरली. आला, म्हणाला, सेयिलकान, दोन बोटं काप. पुढच्या वर्षी पुन्हा आला. मग गुडघे टेकून मारू लागला, मग बसून. अकरा वर्षं आला. दर वर्षी दोन्ही काठ्यांची दोन-दोन बोटं. इर्गाय फेकवत नाही, म्हणून मी खुंट्या केल्या." तिने चष्मा काढून पुसला. "बापाने बदलला नाही म्हणे. बापाएवढा बदलणारा मी पाहिला नाही."

सागिनबाय तिथेच जमिनीवर, ताठ पाय पुढे पसरून बसला. त्याने टेकूची एक काठी आडवी ठेवली आणि तिच्या टोकाला एकापुढे एक अकरा खुंट्या लावल्या. मग काठी आणि खुंट्या मिळून जेवढी लांबी झाली तेवढ्या मापाची एक काडी तोडली आणि ती घेऊन उभा राहिला. काडी बरोबर त्याच्या काखेत आली. मेलेल्या बापाने काखेत हात घालून उभं करावं तसं त्याला झालं, आणि डोळे भरून आले. एजेने ते पाहिलं, आणि मुद्दाम आत जाऊन लाकडं आणली.

तिच्याकडे तीन वर्षं सावलीत वाळवलेल्या इर्गायच्या चार काठ्या होत्या. तिने एकेक दगडावर आपटून ऐकली. जी वाजली ती बाजूला टाकली. "वाजणारी काठी दगडावर चुगली करते." उरलेल्यांतल्या दोन निवडल्या आणि कापायच्या आधी त्याला घरामागच्या चढावर पिटाळलं.

"इथेच माप घ्या की."

"अंगणात रानबोकड येणार आहे का तुझ्या? जा. वर जाऊन धापा टाकत उभा राहा."

तो लंगडत चढला. मागून ती चढली, काठ्या घेऊन, आणि आश्चर्य म्हणजे तिला धाप लागली नाही. उतारावर, दमलेला असताना, त्याने एक काठी खाली आणि एक वर रोवली तेव्हा तिने कोळशाने खुणा केल्या. मग खुणेच्या दोन बोटं पुढे कापलं.

"लांब झाल्या," तो म्हणाला.

"लांब असू दे. पुढे येशीलच कापून घ्यायला."

जुन्या टेकूची वादी तिने सोडवली, तेल लावून मऊ केली आणि नव्या काठ्यांना तीच बांधली. टोकं विस्तवावर जराशी जाळून घट्ट केली. तिचे हात चालताना सागिनबाय बघत राहिला. स्वतः कारागीर होता, म्हणून त्याला कळत होतं की आपण काय बघतोय. एकही घाव जास्तीचा नव्हता.

"आता ऐक," देताना ती म्हणाली. "चिमट्यात बंदूक ठेवली की तीन श्वास. तिसऱ्यालाही नळी हलत असेल, तर टेकू उचलायचा आणि घरी यायचं. समोर सोन्याच्या शिंगांचा का असेना."

"आणि आई?"

"ती ओमुरकुलची बायको आहे. रिकाम्या हातांची तिला सवय आहे."

तिसऱ्या दिवशी पहाटे तो निघाला. घोडा ओढ्यापाशी बांधला आणि वर चढायला लागला. कड्याखाली दीडशे पावलांवर एक म्हातारा रानबोकड उभा होता, शिंगं पाठीला टेकलेली. तसा पुन्हा दिसेल न दिसेल. सागिनबायने टेकू रोवला. एक श्वास. दोन. तीन. वारा नळीवर येत होता आणि टोक बोटभर हलत होतं. डोळ्यांपुढे आईची वाटी आली. मग घसरड्या दगडांवरून फरफटत जाणारा मागचा पाय आला. त्याने टेकू उचलला. बोकडाने आवाज ऐकला नाही, पण हालचाल पाहिली, आणि तो कड्यावरून नाहीसा झाला.

सागिनबायने स्वतःला दोन शिव्या दिल्या, एक एजेला दिली आणि खडकाला टेकून उभा राहिला. दुपारपर्यंत उभा राहिला. भाकरी गोठली होती, ती चघळली. वारा पडला तेव्हा खालच्या घळीतून एक तरणा नर एकटाच चढून आला, सव्वाशे पावलांवर थांबला आणि कूस वळवून उभा राहिला. टेकू न वाजता उघडला. एक काठी वर, एक खाली. पाठ सरळ होती. मांडीत कळ नव्हती. दुसऱ्याच श्वासाला नळी अशी थांबली की क्षणभर त्याला वाटलं, ही बंदूक दुसऱ्याच कुणीतरी धरली आहे. तिसरा श्वास त्याने तरीही घेतला, सांगितलं होतं म्हणून. मग चाप ओढला.

बोकड जागीच बसला. पुन्हा उठला नाही. सागिनबाय त्याच्यापाशी गेला, त्याचे डोळे मिटले, क्षमा मागितली. एका वर्षाचं ओझं उतरल्यावर माणसाला हसू यायला हवं. त्याला हुंदका आला.

परतताना तो वाट वाकडी करून सेयिलकान-एजेच्या दारावरून गेला. शिकार घेऊन येणाऱ्याला जो भेटेल त्याचा वाटा असतो. मागणाऱ्याने फक्त 'शिरालगा' म्हणायचं. ती फाटकापाशीच उभी होती, जणू सकाळपासून.

"शिरालगा," ती म्हणाली. "किती गोळ्या?"

"एक."

"म्हातारा होता?"

"म्हातारा सोडला. हलत होतं."

एजेने मान हलवली आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्यासाठी सागिनबायने अजून दहा म्हातारे सोडले असते. त्याने तिला अख्खी मागची तंगडी दिली. ती नको म्हणाली नाही.

घरी जिबेकने मोठं पातेलं चढवलं. नुरदिन दर पाच मिनिटांनी झाकण उचलून वास घेत होता आणि बहिणीचा मार खात होता. बुर्माकानने पहिली वाटी संपवली. सगळे तिच्याकडे न बघता बघत होते. तिने रिकामी वाटी पुढे केली आणि दुसरी मागितली. मग म्हणाली, "टेकू आण."

सागिनबायने नवा टेकू आणून तिच्या हातात दिला. तिला आता नीट दिसत नव्हतं. तिने वादी चाचपली, मग खालपर्यंत हात नेला, पार जमिनीला लागेपर्यंत.

"हा तुझ्या बापाचा नाही."

"नाही, आई. वादी त्याची आहे. मी... तो टेकू मला पुरत नव्हता."

ती बराच वेळ काठीवरून हात फिरवत राहिली.

"नवी नवरी आले तेव्हा तो दाराआड उभा असायचा," ती म्हणाली. "एवढाच होता. माझ्या कपाळाला लागायचा. मग दर वर्षी थोडा थोडा कमी व्हायला लागला. तुझा बाप चोरून कापून आणायचा आणि मला कळू नये म्हणून टोकाला काजळी फासायचा. मी कधी बोलले नाही. त्याला वाईट वाटलं असतं."

"मग मला तोच घे का म्हणालीस?"

"मी तुझा गुडघा विसरले रे. मला तू अजून उड्या मारणाराच दिसतोस." तिने टेकू त्याच्या हातात परत दिला आणि स्वयंपाकाच्या बाजूला मान वळवली, जिथे जिबेक मांस काढत होती. "तुझ्यावर कापायची वेळ आली ना, की बायकोला सांगून जा. मागे एकटीनं मोजत बसायला बरं नाही वाटत."