चरबी-कलेजीचा घास

विहीणबाईंनी बाबांचा जुना कोट उतरवून आतल्या खोलीत नेला आणि आहेराचा झगा त्यांच्या खांद्यांवर घातला. बाबांचा हात सवयीने खिशाकडे गेला. गोळ्या कोटातच राहिल्या होत्या.

स्वादुपिंडाचा मोठा भाग काढल्यापासून चरबी पचवणारं विकर बाबांच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. ते गोळीतून, घासाबरोबरच पोटात जावं लागतं. नाहीतर चरबीचे बारीक रेणू होत नाहीत, आतडं ती शोषू शकत नाही. मग कळा येतात आणि खाल्लेलं तसंच बाहेर पडतं.

व्याह्यांना हे कळू द्यायचं नाही, असं आईने निघतानाच बजावलं होतं. आज ज्याचं लग्न ठरत होतं त्या माझ्या भावाची, एर्दोसची, आधीची एक सोयरीक यापायीच मोडली होती. बाप आजारी म्हणजे रक्तात दोष, असं लोक बोलले होते.

बाबा दारासमोरच्या मानाच्या जागी पाहुण्यांच्या दाटीत बसले होते. उठायचं तर सगळी रांग उठवावी लागली असती. मी उठू लागले तर आईने माझा गुडघा दाबला.

"बस. सगळे बघतायत."

मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजीचं ताट आलं. आमच्याकडे हा घास व्याह्यांच्या हातून घेतला की लग्न पक्कं, मग माघार नाही. बाबांनी कलेजीची एक फोड उचलायला हात पुढे केला. विहीणबाईंनी तो हलकेच बाजूला सारला.

"नुसत्या कलेजीवर भागवताय होय, व्याहीबुवा? आमची पोर काय अर्धीच नेणार?"

हशा पिकला. धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळण्यात बाबांचं आयुष्य गेलं. कुणाला दुखवणं त्यांना कधी जमलं नाही. तेही हसले.

"अख्खी नेणार," म्हणाले आणि तोंड उघडलं.

बोटभर जाडीचा पांढरा तुकडा. मग व्याह्यांच्या हातून दुसरा. मग मुलीच्या थोरल्या काकूंचा. मी बाबांच्या गळ्याकडे बघत राहिले. दर घासाला ते मान डोलावून दाद देत होते.

निघताना कोट परत मिळाला. गाडीत बसताच बाबांनी त्यातल्या दोन गोळ्या गिळल्या. अन्न केव्हाच पुढे सरकलं होतं. मी गाडी चालवत राहिले.

थोड्याच वेळात त्यांनी थांबायला सांगितलं. दोन्हीकडे सपाट माळ, आडोशाला झुडूपसुद्धा नाही. बाबा पोट धरून उतरले. आई त्यांच्यामागे उतरली. तिने अंगावरची शाल काढली, दोन्ही हातांनी पसरली आणि बाबांकडे पाठ करून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. ट्रक जवळून जात होते. वाऱ्याने शाल फुगत होती. आईने टोकं घट्ट धरली होती.