मोहरीतलं स्वयंपाकघर

कुमुदताईंनी मोहरीच्या भर शेतात उभं राहून पूर्वेकडे तोंड केलं आणि दोन पावलं डावीकडे सरकल्या.

“ओटा इथे. सकाळचं ऊन यायला हवं, बिल्कुल.”

“अगं, आधी भिंती तर होऊ देत,” सुभेदार गुणवंतराव हसले. पण मघापासून तेही बैठकीची खोली कुठे येईल याचाच अंदाज घेत होते.

माजी सैनिकांना परवडतील अशी घरं बांधा, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं सरकारी कचेरीचे उंबरे झिजवले होते. बाजार खुला झाला आणि दिल्लीभोवतीच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. पेन्शनीत तिथे कोंबड्यांचं खुराडंही येईना. त्यातच ते भाड्यानं राहत त्या लक्ष्मीनगरच्या घरमालकाला मजले चढवायचे होते. पुढच्या वर्षीच्या चैत्रापर्यंत खोल्या सोडा, म्हणाला. तेवढ्यात कचेरीनं सैनिकांची घरं मंजूर केली. तिथल्या साहेबांनी नोएडापलीकडे नकाशावर बोट ठेवलं होतं, “मोकळी जमीन आहे.” ती मोकळी जमीन आज पिवळीधमक फुलली होती.

“कौन है उधर?”

बांधावरून एक म्हातारा काठी आपटत आला. अंगात फौजेची, कोपरावर विरलेली जर्सी. गुणवंतरावांचे खांदे आपोआप ताठ झाले.

“सूबेदार गुणवंत. मराठा पलटन.”

म्हाताऱ्यानं काठी डाव्या हातात घेतली आणि कडक सलाम ठोकला.

“हवलदार हरिदास, साब. इकहत्तर में थे?”

एकाहत्तरच्या लढाईत दोघंही होते. मग काय, बांधावरच पंगत बसली. हरिदासनं विहिरीचं पाणी आणलं, कुमुदताईंनी डबा उघडला.

“आखिरी फसल है,” धपाटा मोडत हरिदास म्हणाला. “ज़मीन सरकार ने ले ली. मकान बनेंगे. पता नहीं किसके वास्ते.”

गुणवंतरावांनी हातातला घास खाली ठेवला. गप्प बसणं सोपं होतं. पण समोर फौजेतला माणूस.

“फौजियों के लिए,” ते म्हणाले. “हमने ही माँगे थे.”

हरिदास चावायचा थांबला. कुमुदताईंनी डब्याचं झाकण उगाच पुसलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! घर नको म्हणावं, तर पुढच्या वर्षी चैत्रात बायकोला घेऊन जायचं कुठे? आणि घ्यावं, तर याच्या तोंडाकडे बघायचं कसं? त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

हरिदास सरकून जवळ बसला.

“फौजियों के लिए? तो साब, मेरी भी अर्ज़ी लगवा दो.”

“जिसके नाम ज़मीन हो, उसको नहीं मिलता,” गुणवंतराव सवयीनं बोलून गेले. ही अट त्यांनीच आग्रहानं घालून घेतली होती.

शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हरिदासनं एकदा नजर फिरवली.

“फसल कटने के बाद ज़मीन तो नहीं रहेगी न, साब,” तो म्हणाला. “तब तो मिल जाएगा?”