गाळलेली ओळ

“आजोबा, हलायचं नाही. हललात तर हात वाकडा बसेल, आणि मग घास तोंडाऐवजी कानात जाईल,” प्लास्टरमामा म्हणाले.

आजोबा खुदकन हसले आणि नेमके हलले. मामांनी डोळे वटारले. त्यांच्या मदतनीस मावशींनी आजोबांचं कोपर आणखी घट्ट धरलं.

सरकारी दवाखान्यातल्या प्लास्टरच्या खोलीत ही जोडी अकरा वर्षं काम करत होती. मावशी कोमट पाण्याच्या बादलीत बँडेजची गुंडाळी बुडवायच्या, बुडबुडे थांबले की हलकी पिळून मामांच्या हातात द्यायच्या, आणि मामा ती कापसावरून झरझर गुंडाळायचे. पण खरं काम त्यानंतरचं. डॉक्टरांनी बसवलेलं हाड जागचं सरकू नये म्हणून ओलं प्लास्टर दोन्ही तळव्यांत धरून नुसतं उभं राहायचं. बोटं अजिबात टेकवायची नाहीत. बोटाचा खळगा पडला की आत कातडीला जखम होते. प्लास्टर आधी गार असतं, मग कोमट होतं, मग चांगलं गरम, आणि मग दगडासारखं कडक. तेवढा वेळ मामांचे ओठ हलत असायचे.

भिंतीवर घड्याळ होतं, पण मामांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. ते वेळ मोजायचे येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेनं. सावकाश, शब्द न गिळता सहा वेळा म्हटली की प्लास्टर पक्कं. मावशीही मामांच्याच चर्चच्या. कोपर धरून उभं राहिल्यावर दुसरं करणार काय? त्याही मनातल्या मनात मामांबरोबर म्हणू लागल्या. आणि तिथंच त्यांच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला होता.

आजोबा गेल्यावर त्यांनी विचारलंच. “मामा, रागावू नका. पण तुमची प्रार्थना दर वेळी माझ्याआधी कशी संपते? सुरुवात तर बरोबर करतो आपण.”

मामा हात पुसत होते, ते पुसतच राहिले. “तुम्ही हळू म्हणत असाल.”

“मी? माझ्या जिभेला आजवर कुणी हळू म्हटलेलं नाही.”

मामांना हसू आलं, पण टिकलं नाही. “एक ओळ मी म्हणत नाही, मावशी. क्षमेची. नऊ वर्षं झाली. आम्ही दुसऱ्यांना करतो तशी तू आम्हाला कर, असं देवाला म्हणायचं. मी तर करत नाही. मग त्याच्या तोंडावर खोटं कसं बोलू? आणि तो म्हणाला की बरं, मीही करत नाही, तर?”

“अगं बाई! म्हणजे नऊ वर्षं लोकांचे हात तुम्ही लवकर सोडताय?”

“छे! म्हणून तर सहाच्या जागी सात वेळा म्हणतो. माझ्या भांडणापायी लोकांची हाडं कशाला वाकडी?”

मावशींना हसावं की रडावं कळेना. हा माणूस देवाशीही किती सरळ वागत होता! त्यांना त्याचं कौतुक वाटलं, आणि वाईटही वाटलं. भांडण कुणाशी, ते त्यांना ठाऊक होतं. मामांचा धाकटा भाऊ दोन तासांवरच्या गावी राहायचा. आई त्याच्याकडे होती. दोघा भावांत कसल्याशा क्षुल्लक गोष्टीवरून बोलाचाली झाली होती, घराघरांत होते तशी. मग आई गेली आणि धाकट्यानं थोरल्याला कळवलंच नाही. परस्पर माती दिली. तिसऱ्या दिवशी याच खोलीत, पायाला प्लास्टर घालून घेताना, त्या गावचा एक पेशंट सहज म्हणाला होता, “तुमच्या आई चांगल्या होत्या हो. खूप माणसं आली होती परवा.” मामांनी ओलं प्लास्टर सोडलं नव्हतं. पक्कं होईपर्यंत धरून उभे राहिले होते, आणि मग बाथरूममध्ये गेले ते तासभर बाहेर आले नव्हते. मावशींनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होता. पहिल्याच रविवारी फादर म्हणाले होते, “यंदा नवीन प्रार्थना वाढवू नका. जी रोज म्हणता, तीच चाळीस दिवस जगून बघा.” लोकांनी मान डोलावली आणि घरी गेले. मामांना मात्र काही सांगितलं की ते शब्दशः करायचं, हा स्वभावच. त्यांनी आठवड्याला एक ओळ धरली.

देवाचं नाव पवित्र मानायच्या आठवड्यात त्यांनी प्लास्टर कापायच्या मशीनला शिव्या देणं बंद केलं. ते मशीन असं होतं की संताचाही तोल जावा. मामा नुसते “अरे गुणी बाळा” म्हणायचे, आणि मावशी पदरात तोंड लपवून हसायच्या. ‘तुझी इच्छा’ म्हणायच्या आठवड्यात नव्या डॉक्टरांनी त्यांचं एक चांगलं प्लास्टर उगाच दोनदा काढायला लावलं. मामांनी हूं की चूं न करता तिसऱ्यांदा घातलं. रोजच्या अन्नाच्या आठवड्यात त्यांचा डबा रोज बाहेरच्या बाकावर, लांबून आलेल्या कुणा ना कुणा नातेवाइकाच्या मांडीवर दिसायचा. तिसऱ्या दिवशी मामी स्वतः दवाखान्यात येऊन म्हणाल्या, “प्रार्थना ह्यांची आणि पहाटे उठून दोन डबे करायचे मी!” पण उरलेले दिवस त्यांनी खरंच दोन डबे दिले.

पुढची ओळ क्षमेची होती.

“काय मामा, ह्या आठवड्यात काय?” मावशींनी सोमवारी चिडवलं.

“ह्या आठवड्यात रजा,” मामा म्हणाले, आणि दिवसभर कुणाशी धड बोलले नाहीत.

गुरुवारी दुपारी डॉक्टर स्वतः एका माणसाचा हात धरून आत आले. “मामा, मनगट आहे. शिडीवरून पडलेत. त्यांच्या गावी हाडांचे डॉक्टर नाहीत आज. मी हाड ओढून बसवलंय, हात सोडत नाही. चला पटकन.”

मावशींनी त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं, पण ओळखायला वेळ लागला नाही. तेच मोठाले कान, तीच पुढे आलेली हनुवटी. मामांचीच कमी वयाची प्रत.

“दादा,” तो माणूस म्हणाला. त्याचा चेहरा दुखण्यानं पांढरा पडला होता, तो आणखी उतरला. “दुसरं कुणी असेल तर... मी थांबतो.”

दुसरा प्लास्टरवाला अर्ध्या तासात ड्यूटीवर येणार होता. मामांनी घड्याळाकडे पाहिलं. त्या घड्याळाकडे त्यांनी पाहिलेलं मावशींनी प्रथमच पाहिलं.

“अर्ध्या तासात हाड सरकेल,” मामा म्हणाले. “बस.”

मावशींनी बँडेज बुडवलं. मामांनी कापूस गुंडाळला, मनगटाच्या हाडावर एक थर जास्तीचा दिला, मग प्लास्टर चढवलं. हातात कुठं घाई नाही, राग नाही. डॉक्टरांनी हळूच हात काढून घेतला, मामांनी तळवे लावले, आणि डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले. खोलीत तिघंच उरली. धाकट्यानं डोळे मिटले होते.

मामांचे ओठ हलायला लागले. मावशीही मनात म्हणू लागल्या. क्षमेच्या ओळीपाशी आल्या आणि त्यांनी वर पाहिलं. मामांनी ओळ ओलांडली नव्हती. ते तिथंच थांबले होते. मग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथंच अडले. तिसऱ्यांदाही तेच. कपाळावरून घाम ओघळून हनुवटीवर आला, पण पुसायला हात कुठून आणणार? दोन्ही तळव्यांत भावाचं मनगट होतं, आणि प्लास्टर तापायला लागलं होतं. म्हणा हो, मावशी मनात म्हणत होत्या, म्हणा एकदाची!

चौथ्या वेळी मामांनी ती ओळ म्हटली. मोठ्यानं म्हटली. एकेक शब्द सुटा, जड ओझं उतरवताना माणूस थांबत थांबत उतरवतो तसा. अपराध्यांना क्षमा करतो, इथपर्यंत आल्यावर त्यांचा आवाज फाटला, पण त्यांनी ती पूर्ण केली.

धाकट्यानं डोळे उघडले. लहानपणापासून तीच प्रार्थना तोही म्हणत आला होता. नऊ वर्षांनी भाऊ भेटला होता आणि समोर ही ओळ म्हणत होता, ती कुणासाठी हे त्याला सांगावं लागलं नाही.

“दादा, असं नको म्हणूस. आधी ऐक तरी मी काय केलं.”

“ऐकून मग ठरवायचं, तर तो सौदा झाला,” मामा म्हणाले. “म्हटलं ते म्हटलं. आता सांग.”

धाकट्यानं सांगायला घेतलं. “आईनं तुझं नाव लावून धरलं होतं. दोन दिवस. मी फोन उचलला, ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. तू येशील आणि चारचौघांत मला बोलशील, ह्याची भीती वाटली. उद्या करू, उद्या करू करत राहिलो. शेवटी तिला दिसत नव्हतं. तिनं माझा हात धरला आणि विचारलं, थोरल्या, आलास का रे?”

त्यानं मोकळ्या हातानं चेहरा पुसला. मामा बघत होते.

“मी म्हटलं, आलो, आई. तुझ्यासारखा आवाज काढून म्हटलं. ती म्हणाली, बरं झालं. आणि हात धरूनच गेली. तू आलास असं समजून गेली, दादा. मग कुठल्या तोंडानं तुला कळवू? तुझ्या वाट्याचा तिचा निरोपसुद्धा मी चोरला होता.”

मामांचा चेहरा असा झाला की मावशींना वाटलं, आता हा माणूस म्हटलेली ओळ परत घेतो की काय. जबडा आवळला गेला. प्लास्टर कधीच पक्कं झालं होतं, धरून ठेवायची काही गरज नव्हती. मावशींनी कोपर सोडलं आणि दोन पावलं मागं झाल्या.

मामांनी विचारलं, “कोणता हात धरला होता तिनं?”

“हाच,” धाकटा म्हणाला.

मामांनी खाली पाहिलं. प्लास्टरच्या टोकातून धाकट्याची बोटं बाहेर आली होती, सुजलेली, प्लास्टरचे पांढरे शिंतोडे उडालेली. मामांनी आपला तळवा त्या बोटांवर ठेवला, आणि तसाच ठेवून ते स्टुलावर खाली बसले.

बाहेरून पुढच्या नंबराच्या माणसानं दार वाजवलं. मावशींनी आतून कडी घातली.