अर्धवट पूल

माझी आत्या दोनदा खासदार होऊन राजधानीतून परतली आणि थेट महापौरपदासाठी उभी राहिली, तेव्हा बाबांनी कपाळावर हात मारला. "एवढ्या वरून एवढ्या खाली?"

पहिल्याच सभेत कोपऱ्यावरच्या शिंप्याने तिला गाठलं. "ताई, तिकडे तुम्ही देशाचे कायदे केलेत. आमच्या रुळांवरचा पूल कोण करणार?"

सगळे हसले. त्या पुलाला दोन्हीकडे जिने होते, मधला भागच नव्हता. महापालिका रेल्वेकडे बोट दाखवायची, रेल्वे महापालिकेकडे, आणि माणसं जीव मुठीत धरून रूळ ओलांडायची.

आत्या चिडली नाही. त्याच आठवड्यात तिने रेल्वेच्या साहेबांना आणि महापालिकेच्या इंजिनियरला त्या जिन्यावर आणून उभं केलं.

"वरून मंजुरी यायला हवी," साहेब म्हणाले.

"वरून कशाला? तो नियम बदलला तेव्हा मी संसदेच्या रेल्वे समितीत होते. आता मंजुरी तुम्हीच द्यायची आणि क्रेनसाठी जिन्याजवळचा रस्ता यांनी बंद ठेवायचा. बोला, कधी?"

साहेबांना हसू आवरेना. "ताई, पळवाटच ठेवली नाहीत तुम्ही!"

मतदानाआधीच क्रेन आली. रेल्वेच्या यार्डात गंजत पडलेला पुलाच्या मधल्या भागाचा लोखंडी सांगाडा दोन जिन्यांच्या मध्ये चपखल बसला आणि गर्दीने शिट्ट्यांनी परिसर दणाणून सोडला.

आत्या दणदणीत मताधिक्याने निवडून आली. घरी येऊन पाय पसरून बसत ती बाबांना म्हणाली, "दादा, राजधानीत इतकी भाषणं ठोकली, पण शिट्टी एकदाही मिळाली नव्हती रे!"